आधी लाईट बघा

पंढरपुरात प्रदक्षिणा मार्गाला लागून असलेल्या एका बोळात झेरॉक्स, टायपिंग आणि पावत्या छापून देण्याचं एक दुकान आहे. आषाढी आठ-दहा दिवसांवर आली की तिथे उभं राहायला जागा नसते. दिंड्यांच्या याद्या, भिशीचे हिशेब, मठातल्या खोल्यांच्या पावत्या, कीर्तनाच्या पत्रिका. गेल्या आषाढीआधी मी आमच्या दिंडीची यादी घेऊन तिथे बसलो होतो. दुकानातल्या ताई नावं टाइप करत होत्या, मी वाचून दाखवत होतो. दीडशेच्या आसपास नावं झाली असतील. तेवढ्यात डोक्यावरचा पंखा किंचित मंदावला आणि पुन्हा फिरू लागला. लाईट गेली असं म्हणायलाही वेळ मिळाला नाही. यूपीएसने एकदा ‘टीं’ केलं. कॉम्प्युटर मात्र बंद पडला आणि आपणहून पुन्हा सुरू होऊ लागला.

ताईंच्या डोळ्यांत पाणी होतं. “दोन महिन्यांमागं नवी बॅटरी टाकली यूपीएसला. त्याच्याआधी विंडोज नवीन टाकलं. रॅम बदलली. आता काय बदलू?”

संध्याकाळी अण्णा आले. वय साठीच्या घरात, खांद्यावर कापडी पिशवी. तीसेक वर्षं ते या गावात कॉम्प्युटर दुरुस्त करतात. त्यांनी कॅबिनेटला हात लावला नाही. ताईंच्या टेबलावरचा दिवा घेतला, त्याची पिन यूपीएसच्या मागे खोचली आणि यूपीएसची पिन भिंतीतून ओढून काढली. दिवा जळतच राहिला. कॉम्प्युटर बंद पडला. पिन परत लावून त्यांनी तेच तीन वेळा केलं. तिन्ही वेळा दिवा राहिला, कॉम्प्युटर गेला.

“यूपीएस चांगला आहे. बॅटरी चांगली आहे. सप्लायला दम राहिलेला नाही,” ते म्हणाले.

हा ‘दम’ शब्द मला तिथेच धरून बसला. पुढचे काही महिने मी वेळ मिळेल तेव्हा अण्णांच्या टेबलाशेजारी स्टूल टाकून बसलो, तो त्या शब्दापायी.

दुकानदार आणि गिऱ्हाईक ज्याला एसएमपीएस म्हणतात, किंवा नुसतं ‘सप्लाय’, तो कॅबिनेटच्या कोपऱ्यातला पत्र्याचा डबा. भिंतीतली २३० व्होल्टची उलटसुलट वाहणारी वीज तो आत घेतो, तिला एका दिशेची करतो. तेव्हा ती सुमारे ३२५ व्होल्टची होते. ती मोठ्या कॅपॅसिटरमध्ये साठते. तिथून ट्रान्झिस्टर तिचे सेकंदाला हजारो तुकडे करतात, लहानशा ट्रान्सफॉर्मरमधून ती खाली उतरते आणि १२, ५ आणि ३.३ व्होल्ट होऊन मदरबोर्डकडे जाते. कॅपॅसिटर म्हणजे गच्चीवरची पाण्याची टाकी. नळ थोडा वेळ गेला तरी घरात पाणी येत राहतं, ते टाकीत आहे तोवर. इंटेलने ठरवून दिलेल्या एटीएक्स रचनेत ही टाकी भार असताना सुमारे १७ मिलिसेकंद पुरली पाहिजे, अशी अपेक्षा आहे. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते. म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. दुकानात असतो तो साधा यूपीएस भिंतीवरून बॅटरीवर उडी मारायला चार ते दहा मिलिसेकंद घेतो. धडधाकट सप्लाय तेवढा वेळ श्वास रोखून धरतो. म्हातारा झालेला धरू शकत नाही, कारण टाकीच आटत आलेली असते. दिव्याला त्या मधल्या खंडाचं काही वाटत नाही. कॉम्प्युटरला वाटतं.

ताईंनी दीड वर्षात बॅटरी, रॅम आणि विंडोजवर जो खर्च केला, तो चुकीच्या माणसाला शिक्षा केल्यासारखा होता. मला या विषयावर लिहावंसं वाटलं त्याचं कारण हेच. सप्लाय बिघडला की तो स्वतःचं नाव सांगत नाही. तो आळ दुसऱ्यावर घालतो.

अण्णांच्या टेबलावर येणारी गिऱ्हाइकं काय म्हणतात ते मी वहीत उतरवून घेत असे. ‘गेम लावला की बंद पडतं.’ ‘प्रिंट मारली की रीस्टार्ट होतंय.’ ‘निळा पडदा येतोय.’ ‘हार्डडिस्क टकटक करतीय.’ ‘सकाळी चार-पाचदा बटण दाबावं लागतं, एकदा चालू झाला की दिवसभर काही नाही.’ यातल्या प्रत्येक तक्रारीला दुसरीही कारणं असू शकतात, आणि म्हणून माणूस चुकतो. निळ्या पडद्याला रॅम कारण असते. टकटकीला डिस्क कारण असते. पण बारा व्होल्टची तार अकराच्या खाली घसरली तरी चांगल्या डिस्कची मोटर नीट फिरत नाही आणि ती टकटक करते. डेटा काढायला पुण्याला पाठवायच्या तयारीने आणलेली एक डिस्क माझ्यासमोर अण्णांनी दुसऱ्या सप्लायवर लावली. ती निमूट चालू झाली. त्यात एका महाराजांच्या सात वर्षांच्या प्रवचनांची रेकॉर्डिंग होती. घेऊन आलेला मुलगा कितीतरी वेळ नुसता फोल्डर उघडून बघत बसला होता.

सकाळच्या तक्रारीचं गणित मला सगळ्यात आवडलं. कार्तिकी उलटली की पंढरपुरात पहाटे गारठा पडतो. कॅपॅसिटरच्या आतला द्राव वर्षानुवर्षं सुकत आलेला असतो. थंडीत त्याचा अंतर्गत विरोध आणखी वाढतो आणि सप्लायला उठताच येत नाही. दोन-चारदा बटण दाबलं की थोडी ऊब येते, मग तो उठतो. लोक म्हणतात, ‘मशीन थंडीने गारठलंय.’ एका अर्थी खरंच आहे ते. जानेवारीत ही तक्रार घेऊन येणाऱ्याला अण्णा म्हणतात, “काका, आज चालतंय म्हणून घेऊन जाऊ नका. पुढच्या थंडीला ते उठणार नाही.”

आता टेबलावर काय होतं ते.

सगळ्यात आधी नाक. जळका वास वेगळा आणि फुटलेल्या कॅपॅसिटरचा, माशासारखा, वास वेगळा. मग सप्लाय कॅबिनेटमधून सोडवून हातात घ्यायचा. वजन बघायचं. डब्यावर ४५० वॉट लिहिलंय आणि हातात पोह्यांच्या पुड्याएवढंच वजन लागलं, तर आतलं तांबं आणि ॲल्युमिनियम वाचवलेलं आहे. मग लेबल वाचायचं. मोठ्या अक्षरातला आकडा सोडून द्यायचा आणि बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या पुढे किती ॲम्पिअर लिहिलेत ते बघायचं. १६ असतील तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॉट. आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळं १२ व्होल्टवरच जगतात. तेव्हा त्यांच्यापुरता तो सप्लाय १९२ वॉटचाच. हे गणित विकत घेताना केलं तर निम्मी गिऱ्हाइकं अण्णांकडे येणारच नाहीत, असं मला वाटतं.

त्यानंतर सिरीज बोर्ड. एका लाकडी फळीवर होल्डर, त्यात शंभरचा जुना पिवळा बल्ब आणि एक सॉकेट, एवढंच. भिंतीतली वीज आधी बल्बमधून आणि मग सप्लायमध्ये जाते. बल्ब क्षणभर चमकून मंदावला तर टाकी भरली, पुढे शॉर्ट नाही. बल्ब पूर्ण पेटूनच राहिला तर आत शॉर्ट आहे, आणि बल्बने तो स्फोट स्वतःवर घेतला. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या पिढीने ही फळी पुढच्या पिढीला दिली. एलईडी आल्यापासून तसले बल्ब मिळणं अवघड झालंय. अण्णांनी एक खोकं भरून जपून ठेवलेत.

मग मोठ्या चोवीस पिनांच्या कनेक्टरातली हिरवी तार शेजारच्या काळ्या तारेला जोडायची. मदरबोर्ड नसतानाही सप्लायला ‘चालू हो’ असं सांगणारी ही खूण. पंखा फिरला की बहुतेक दुकानांत ‘सप्लाय ओके’ म्हणतात आणि संशय मदरबोर्डवर जातो. तपासणीची सगळ्यात मोठी चूक इथे होते. पंखा फिरणं म्हणजे काहीच नाही. अण्णा मीटर लावतात: पिवळी १२, लाल ५, नारिंगी ३.३, आणि जांभळीवर मशीन बंद असतानाही ५, कारण बटण दाबल्याचं कळायला कुणीतरी जागं असावं लागतं. मर्यादा पाच टक्क्यांची. बारा व्होल्ट ११.४ ते १२.६ च्या आत, पाच व्होल्ट ४.७५ ते ५.२५ च्या आत. आणि हे आकडे भार नसताना घेतले तर फसवतात. रिकामा टमटम चढ चढेलच, सवारी भरून चढतो का ते बघायचं. म्हणून अण्णा सप्लाय परत मशीनमध्ये लावतात, प्रोसेसरला आणि ग्राफिक्स कार्डाला कामाला लावतात आणि कनेक्टरच्या मागून मीटरची टोकं घालून पिवळ्या तारेकडे बघत राहतात. १२.१ वरून आकडा उतरत ११.२ वर आला आणि मशीन रीस्टार्ट झालं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या क्षणी वाद संपतो.

करड्या तारेचं काम मला नवीन होतं. सप्लाय चालू झाला की सगळे व्होल्ट ठिकाणावर येईपर्यंत तो मदरबोर्डला थांबवून ठेवतो आणि १०० ते ५०० मिलिसेकंदांत करड्या तारेवरून निरोप देतो, ‘आता ठीक आहे.’ व्होल्ट ढासळू लागले की हा निरोप मागे घ्यायचा, म्हणजे मशीन अर्धवट विजेवर काहीबाही लिहीत बसत नाही. अगदी स्वस्त सप्लायमध्ये ही तपासणी करणारं सर्किटच नसतं. करडी तार सरळ पाच व्होल्टला जोडलेली. तो निरोप खोटा असतो. फायली खराब होतात, विंडोज बिघडतं, आणि माणूस विंडोजला शिव्या देतो. पत्र्याच्या डब्यात केलेली ही बचत मला फसवणूकच वाटते.

मीटरला न दिसणारंही एक दुखणं आहे. बारा व्होल्टवर जी बारीक थरथर असते ती १२० मिलिव्होल्टपर्यंत चालते, पाच आणि ३.३ वर ५० पर्यंत. कॅपॅसिटर सुकला की थरथर वाढते, पण मीटर सरासरी दाखवतो आणि सगळं बरं दिसतं. ती बघायला ऑसिलोस्कोप लागतो. तो नसेल तर एकच उपाय: माहितीतला चांगला सप्लाय लावून मशीन दोन दिवस चालवायचं. अण्णांकडे त्यासाठी एक जड, काळा सप्लाय बाजूला ठेवलेला असतो. तो ते विकत नाहीत.

उघडताना मात्र त्यांचा आवाज बदलतो. पिन काढल्यावरही त्या ३२५ व्होल्टच्या टाकीत जीव असतो. बल्बच्या दोन तारा तिला लावून आधी ती रिकामी करायची. “हे घरी करू नका,” असं ते प्रत्येक कॉलेजच्या मुलाला सांगतात. गोपाळपूर आणि कोर्टीच्या इंजिनिअरिंग कॉलेजांमुळे अशी मुलं त्यांच्याकडे बरीच येतात.

जुन्या सप्लायच्या मागे एक लाल बटण असायचं, ११५ आणि २३० असं लिहिलेलं. अमेरिकेत वीज १२० व्होल्टच्या आसपास असते. तिथे चालावं म्हणून बटण ११५ वर केलं की आतलं सर्किट व्होल्टेज दुप्पट करतं. आपल्याकडे ते चुकून तिकडे सरकलं तर ३२५ ची दुप्पट, सुमारे ६५० व्होल्ट, आणि कॅपॅसिटर प्रत्येकी दोनशेचे दोन. आवाज सुतळी बॉम्बसारखा येतो. कॉम्प्युटर क्लासमध्ये झाडू मारताना, मुलांच्या खोडीने, असे सप्लाय किती गेले त्याची गणती अण्णांकडेही नाही.

हा डबा मुळात आला कुठून? १९७७ च्या ॲपल टू साठी रॉड होल्ट यांनी असा हलका, स्विचिंग पद्धतीचा सप्लाय बनवला आणि जड ट्रान्सफॉर्मरची गरज संपली. आयबीएमच्या १९८१ च्या पहिल्या पीसीत फक्त ६३.५ वॉटचा सप्लाय होता. आज एकट्या ग्राफिक्स कार्डाला त्याच्या कितीतरी पट लागतं. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स रचना आणली आणि ती हिरवी तार आली. नंतर २००० च्या पुढे एक वाईट साथ जगभर पसरली. चुकीच्या द्रावाने भरलेले कॅपॅसिटर लाखो मदरबोर्डांवर आणि सप्लायमध्ये बसले आणि काही वर्षांत त्यांची डोकी फुगून फुटू लागली. डेल कंपनीने २००५ मध्ये त्यापायी सुमारे ३० कोटी डॉलरचा भार हिशेबात दाखवला.

ती साथ आपल्याकडे नेमक्या कोणत्या वेळी आली ते आठवा. एमएस-सीआयटी हा कॉम्प्युटरचा कोर्स आणणाऱ्या एमकेसीएलची स्थापना २००१ ची. एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्या-तालुक्यांत उघडले, जोडणी केलेल्या कॉम्प्युटरच्या रांगा लागल्या, पहिल्यांदाच शेतकऱ्याच्या मुलीने माउस हातात धरला. आणि तीच वर्षं महाराष्ट्रातल्या भारनियमनाची. २००५ च्या जूनमध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण आलं, तेव्हाही गावाकडे तासन्‌तास लाईट नसायची. ती जायची तशी यायची, आणि येताना सगळ्या मोटारी, फ्रीज, पंखे एकदम जागे व्हायचे. वर्गाच्या मागे डिझेल जनरेटर, त्याचा व्होल्टेज त्याच्या मनावर. अण्णा सांगतात, त्या काळात ते पोत्यात भरून सप्लाय आणायचे, पोत्यात भरून परत न्यायचे. सप्लाय कसा वाचायचा हे ते शाळेत शिकले नाहीत, त्या पोत्यांनी शिकवलं.

उष्णता हा आपला कायमचा शत्रू. कॅपॅसिटरवर १०५ अंश आणि २००० तास असं छापलेलं असतं. दर दहा अंश उतरले की आयुष्य साधारण दुप्पट. ६५ अंशांवर ते ३२,००० तास जगेल, ७५ वर १६,०००. दिवसाला दहा तास आणि वर्षाला तीनशे दिवस धरले, तर हा फरक दहा वर्षं आणि पाच वर्षं यांच्यातला आहे. मे महिन्यात सोलापूर जिल्ह्यात बाहेरच ४२ असतं. त्यात पत्र्याचं छप्पर, आणि मंदिराच्या परिसरातल्या दुकानात पंख्यातून आत ओढला जाणारा बुक्का, गुलाल, कुंकू. अण्णांनी एका माळ-बुक्क्याच्या दुकानातला सप्लाय उघडला तेव्हा आतला ट्रान्सफॉर्मर काळ्या-गुलाबी थराखाली दिसतच नव्हता. सुगंध मात्र येत होता. वर्षातून दोनदा, आषाढी आणि कार्तिकीनंतर, ब्लोअर मारून घेतला तरी त्या डब्याचं आयुष्य वाढेल.

पण डब्याच्या आतच शोधत राहिलं तर पंढरपुरात अर्धीच गोष्ट हाती लागते. उरलेली भिंतीत, आणि भिंतीपलीकडे खांबावर असते.

आपला जिल्हा विजेच्या नकाशावर लहान नाही. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाशी एका लयीत आलं. दक्षिण सोलापुरात एनटीपीसीचा १३२० मेगावॉटचा प्रकल्प आहे. इतकी मोठी वीज शेवटी बोळाच्या तोंडाशी, डीपीपासून चार तारांवर येते: तीन फेज आणि एक न्यूट्रल. फेज ते न्यूट्रल २३०, फेज ते फेज ४०० च्या आसपास. न्यूट्रलचा क्लॅम्प खांबावर गंजून सुटला तर ज्या घरात भार कमी त्या घराचा व्होल्टेज २३० वरून साडेतीनशे-चारशेकडे चढतो आणि शेजारी मंदावतो. एका रात्रीत गल्लीतले टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, कॉम्प्युटरचे सप्लाय एकदम जातात. अशा वेळी तीन-चार गिऱ्हाइकं एकाच पत्त्यावरून आली की अण्णा स्क्रूड्रायव्हर खाली ठेवतात आणि आधी वायरमनला फोन करतात. नवा सप्लाय त्याच रात्री बसवला तर तोही जाणार.

अण्णांचं पहिलं वाक्य नेहमी तेच असतं, “आधी लाईट बघा.” मीटर सॉकेटमध्ये. नियमाप्रमाणे २३० च्या सहा टक्के वर-खाली, म्हणजे साधारण २१६ ते २४४. मग न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये किती व्होल्ट आहेत ते. मग लेझर प्रिंटर यूपीएसवर लावलाय का ते. प्रिंटरमधला तापणारा रोलर अचानक इतका करंट ओढतो की लहान यूपीएस गुडघे टेकतो. ‘प्रिंट मारली की रीस्टार्ट’ ही तक्रार कितीदा तरी नुसती पिन भिंतीत हलवून मिटते. त्याचे पैसे ते घेत नाहीत.

२०२० च्या ऑक्टोबरात चंद्रभागेला पूर आला, व्यासनारायण आणि अंबाबाई पटांगणाच्या बाजूला पाणी शिरलं. तेव्हा भिजलेले कॉम्प्युटर लोकांनी उन्हात ठेवून दुसऱ्या दिवशी चालू करून पाहिले. पाण्याने मेले नसते असे कितीतरी त्या बटणाने मेले. गाळ सुकल्यावरही ओल धरून ठेवतो. सप्लाय टाकून द्यायचा, डिस्क जपायची, हे सांगायला अण्णा तेव्हा घरोघर गेले होते.

माझी एकच मागणी आहे, आणि ती दुरुस्ती करणाऱ्या सगळ्यांकडे आहे. ‘सप्लाय बदलला’ एवढंच बिलावर लिहू नका. भार असताना बारा व्होल्ट किती होते, नवा लावल्यावर किती झाले, हे दोन आकडे लिहा. डॉक्टर बीपी लिहून देतात तसे. गिऱ्हाइकाला ते कळायला लागतील, आणि ताईंसारखी दीड वर्षाची पायपीट कुणाची होणार नाही.

दिवाळीच्या आधी मी अण्णांबरोबर एका जुन्या वाड्यात गेलो. तिथे एक वहिनी घरी बसून पुस्तकांची अक्षरजुळणी करतात. कॅबिनेटला पाय लागला की मुंग्या येतात, ही त्यांची तक्रार. अण्णांनी मीटरचं एक टोक कॅबिनेटच्या स्क्रूला आणि दुसरं नळाला लावलं. ११० व्होल्ट. “सप्लाय चांगला आहे, वहिनी. आतल्या फिल्टरमधून थोडी वीज पत्र्यावर येतच असते. तिला जायला वाट नाही.” त्यांनी घरातल्या सगळ्या पिना काढायला लावल्या आणि फेज व अर्थिंगच्या मध्ये टेस्ट लॅम्प धरला. तो पेटला नाही.

आम्ही मागच्या परसात गेलो. तुळशीवृंदावनाशेजारी अर्थिंगचा खड्डा होता, कधीकाळी मीठ-कोळसा घालून केलेला, आता दगडासारखा सुकलेला. पाइपवरचा क्लॅम्प हिरवा पडला होता आणि तार नुसती टेकलेली होती. अण्णांनी पॉलिश पेपरने पाइप घासला, क्लॅम्प बदलला, नट आवळला. वहिनींनी दोन बादल्या पाणी आणून ओतलं. बुडबुडे येत पाणी खाली गेलं. आत येऊन लॅम्प लावला तर त्याच्या आतली तार लालसर झाली. आणखी दोन बादल्या ओतल्या. अर्ध्या तासाने, चहा झाल्यावर, अण्णांनी पुन्हा लॅम्प धरला, आणि त्या उजेडात वहिनींच्या टेबलावरची प्रुफं वाचता येत होती.